खोगीर, डनलॉप आणि औट्रम घाट

या वेळी कन्नडला घरी जाताना सायकल गाडीच्या टपावर बांधून नेली. शनिवारी पहाटे औट्रम घाट उतरायचा आणि तोच परत चढून यायचं, असं पुण्यातूनच ठरवून निघालो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कन्नड म्हणजे संभाजीनगरपासून साठेक किलोमीटरवरचं आमचं तालुक्याचं गाव. गावापुढे तेलवाडीपाशी पठार संपतं आणि रस्ता धाडकन खाली बोढऱ्याकडे, म्हणजे खानदेशात उतरतो. तोच हा घाट. नाव पडलं ते जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा आणि पुढे १८५७ला लखनौमध्ये गाजलेला हाच तो. तो या डोंगरांत घोड्यावरून हिंडला, मी माउंटन बाइकवरून. बुडाखाली काय होतं याची तुलना केली, तर तो माझ्यापेक्षा सुखी असणार अशी मला आता दाट शंका आहे.

उतार मजेत गेला. चढताना अर्ध्या घाटात मुंग्या यायला लागल्या. वर पोचेपर्यंत सगळं बधिर. आणि ते पायाला नव्हतं. कुठे ते तुम्हाला कळलं असेलच, नसेल तर पुढे कळेल :-)

हे बधिरपण दुपारी जेवून झोपून उठलो तरी पूर्ण गेलं नव्हतं. बायकोला सांगितलं नाही, आईला सांगायचा प्रश्नच नव्हता. आमच्या सायकल ग्रुपवर गिअर, टायर, हेल्मेट यांवर शेकडो मेसेज पडतात, पण या विषयावर एक नाही. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइल घेऊन गच्चीत गेलो आणि वाचत बसलो. पहाटे तीनपर्यंत. भीती वाटत होती हे कबूल करतो. पण त्या वाचनातून जो इतिहास हाती लागला तो इतका भारी आहे की वीकएंडचा लेख त्याच्यावरच.

आधी माझी चूक सांगतो. सायकलबरोबर आलेली सीट कडक होती म्हणून ती काढून मी जेलची जाडजूड सीट बसवून घेतली होती. दुकानदाराने अंगठ्याने दाबून दाखवली, मीही दाबली, अंगठा मस्त आत गेला. खरेदी झाली. आता विचार करा, आपण अंगठ्यावर बसतो का?

आपण बसतो ते कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर. कडक स्टुलावर हाताचे तळवे खाली ठेवून बसलात तर ती टोकं टोचतात. शरीराचं वजन पेलायला निसर्गाने केलेली जागा ती. त्या दोन टोकांच्या मधोमध ज्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्या वजन पेलण्यासाठी नाहीत. आता मऊ सीटवर काय होतं? हाडं जेलमध्ये रुततात, बाजूला दाबलं गेलेलं जेल मध्ये फुगून वर येतं आणि नको तिथे दाबतं. म्हणजे जितकी मऊ सीट, तितका मधल्या भागावर भार जायचा धोका जास्त. माझ्यातल्या प्रोग्रामरला हे चटकन पटलं: बग एकीकडे आणि पॅच भलतीकडे मारलेला.

गंमत म्हणजे आपल्या भाषेत हे शहाणपण कधीपासून पडून आहे. मराठ्यांच्या घोड्यावर असायचं ते खोगीर, म्हणजे आत काहीबाही भरलेली गादी. स्वतःचा घोडा असलेला शिलेदार असो की सरकारी घोड्यावरचा बारगीर, बसायचा या भरावावरच. पण ती गादी मुख्यतः घोड्याच्या पाठीसाठी होती. कणा सोलवटू नये, भार दोन्ही बाजूंना वाटला जावा म्हणून. आत काय कोंबलंय ते कोणी बघत नसे, म्हणून चिंध्या, गवत, हाताला लागेल ते कोंबायचं. त्यावरून खोगीरभरती हा शब्द आला. मोल्सवर्थच्या कोशातही तो आहे. ऑफिसात प्रेझेंटेशनच्या शेवटच्या वीस स्लाइड्सना मी हाच शब्द वापरतो. माझ्या नव्या सीटमध्ये नेमकी तीच होती, आणि मी तिला कम्फर्ट समजून पैसे मोजले होते.

घोड्यावरून सायकलीवर येण्याची गोष्टही घोड्यापासूनच सुरू होते. जॉन बोल्टबी ब्रूक्स याने १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये घोड्यांचं चामडी सामान बनवायचा धंदा काढला. कंपनी सांगते ती कथा अशी: १८७८ साली त्याचा घोडा मेला, नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कामावर जायला एक सायकल उसनी आणली. सायकल आवडली, सीट अजिबात नाही. लाकडी होती म्हणे. मग चामड्याच्या धंद्यातल्या माणसाने जे करावं तेच त्याने केलं आणि १८८२ साली चामडी सीटचं पेटंट घेतलं. कथेला कंपनीची थोडी पॉलिश असेल, पण पेटंट खरं आहे. त्यांचं बी-१७ हे मॉडेल १८९०च्या दशकातलं, आणि ते अजूनही बनतं. सव्वाशे वर्षं चाललेलं एक डिझाइन! आमच्या क्षेत्रात पाच वर्षं चाललं की त्याला लेगसी म्हणतात.

या सीटमध्ये गादी नाहीच. चार ते सहा मिलिमीटर जाड चामडं पुढे-मागे लोखंडी सांगाड्याला रिव्हेटने ताणून बसवलेलं असतं, मध्ये खाली काहीच नाही. आपली सुतळीची बाज आठवा. बाजेत आपण रुतत नाही, बाज आपल्यापुरती झोल घेते. चामड्याचंही तेच. काही शे किलोमीटरनंतर हाडांच्या दोन टोकांखाली दोन खळगे पडतात आणि ती सीट तुमची होते. बाज सैल झाली की पायथ्याची दोरी ओढून ताणतो, तसा इथे नाकाखाली एक बोल्ट असतो, तो थोडा फिरवायचा. फक्त पाणी चालत नाही. भिजलेल्या चामड्यावर बसून सायकल चालवली की ते ताणलं जाऊन वाकडं होतं आणि मग सुधारत नाही. आपल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याला पर्याय नाही.

लाजेचा इतिहासही तेवढाच जुना निघाला. १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचं वेड आलं, बायकाही चालवायला लागल्या आणि डॉक्टर मंडळी सीटच्या पुढच्या नाकावरून चिंतेत पडली. काही चिंता वैद्यकीय होती, बरीचशी बायकांनी घराबाहेर पडण्याची. पण त्यातून कामाची एक गोष्ट झाली. स्पाल्डिंग कंपनीने विकलेल्या ‘क्रिस्टी’ नावाच्या सीटमध्ये हाडांसाठी दोन वेगळ्या गाद्या होत्या आणि मध्ये चक्क मोकळी जागा. आज महागड्या सीटच्या मधोमध जी फट दिसते आणि नवीन टेक्नॉलॉजी म्हणून विकली जाते, ती सव्वाशे वर्षांपूर्वी जाहिरातीत होती. मग लाट ओसरली आणि सगळे विसरले.

१५ ऑक्टोबर १९२३ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ४४,००० मैल करून मार्च १९२८मध्ये मुंबईला परतले. साडेचार वर्षं! हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तेव्हा जगात फोम नव्हताच. फोम रबर निघालं १९२९ साली, डनलॉप कंपनीत. ज्या डनलॉपने १८८८ला हवेचं टायर आणून सायकलस्वाराच्या हाडांवर खरे उपकार केले, त्याच्याच नावाच्या कंपनीतून ही गुबगुबीत गादीही आली. आमच्या घरी फोमच्या प्रत्येक गादीला ‘डनलॉपची गादी’ म्हणतात आणि ती पाहुण्यांनाच मिळते. पुढे १९६०च्या दशकात इटलीत चिनेल्लीने प्लॅस्टिकच्या कवचाची सीट आणली. कवचावर फोम चिकटवा, वर रेक्झिन ओढा, झालं. स्वस्त, हलकी, पावसाला न भिणारी. चामडं मागे पडलं. तोट्यात गेली ती एकच गोष्ट: कवच माणसाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे आधीच आपल्या मापाचं घ्यावं लागतं. आणि माप घ्यायची पद्धत तर कुणीच शिकवली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न बरीच वर्षं उगवला नाही, कारण आपली सायकल वेगळी होती. १९४९मध्ये मद्रासला टीआय, १९५१मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६मध्ये लुधियान्यात हिरो. या सगळ्यांची काळी सायकल म्हणजे ताठ बसायची. उंच हँडल, रुंद सीट, खाली जाड स्प्रिंगा. ताठ बसलं की सगळं वजन हाडांवर, म्हणून सीट रुंद हवी, आणि पाठीचा कणा सरळ धक्का खातो म्हणून स्प्रिंग हवी. दूधवाला, पोस्टमन, मास्तर सगळे त्याच्यावर आयुष्य काढून गेले. मी कन्नडमध्ये रुपयाला तास अशी भाड्याची सायकल आधी कैची मारून आणि मग दांडीवरून शिकलो, सीटवर बसायची पात्रता यायला दोन उन्हाळे गेले.

माउंटन बाइकवर माणूस पुढे वाकतो. ही सायकलच जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडण्यातून जन्मली. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतली पोरं १९७६पासून ‘रिपॅक’ नावाच्या शर्यतीत जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावर सोडत. १९७७मध्ये जो ब्रीझने याच कामासाठी खास फ्रेम बनवली. उतारावर सीट मध्ये येते हे त्यांना लगेच कळलं. १९८०च्या दशकात त्याच ब्रीझने एका मित्राबरोबर ‘हाइट-राइट’ नावाची एक साधी स्प्रिंग काढली. चालता चालता सीट खाली करायची आणि लिव्हर सोडला की ती आपोआप वर. आजचे ड्रॉपर सीटपोस्ट हे त्याचेच नातू. या सायकलला अरुंद सीट लागते, कारण मांड्या सतत हलतात आणि आपण निम्मा वेळ उभेच असतो. पण अरुंद म्हणजे किती? इथे घोळ होतो.

हा घोळ मोजला गेला २००२ साली. जर्मनीत कलोनच्या डॉक्टरांनी २० निरोगी पुरुषांना वेगवेगळ्या सीटवर बसवून नेमक्या त्या जागी पोचणारा ऑक्सिजन मोजला. अरुंद आणि भरपूर गादीच्या सीटवर तो जवळजवळ ८२ टक्क्यांनी घटला. रुंद, नाक नसलेल्या सीटवर साधारण २० टक्क्यांनी. त्यांचा निष्कर्ष असा की गादीपेक्षा रुंदी महत्त्वाची. पहाटे तीन वाजता गच्चीत बसून हा आकडा वाचताना मला माझी जेलची सीट डोळ्यांसमोर दिसत होती: अरुंद आणि भरपूर गादीची.

रविवारी सकाळी गावातल्या जुन्या मिस्त्रीमामांकडे गेलो. लहानपणी पंक्चर काढायचो त्यांच्याकडेच. त्यांनी सीट दाबून बघितली नाही, हाताने फक्त रुंदी अजमावली.

“ही बसायची हाय का लोळायची?”

“मामा, महाग आहे ती.”

“असंल. काढून टाक. जुनी कडक होती ती कुठंय?”

जुनी पुण्यात होती. ती आणवायची आधी मोजमाप केलं. तुम्हीही करू शकता: घडीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात बसा, गुडघे जरा वर घ्या, मिनिटभराने उठा. दोन खड्डे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवा, ती सीटची रुंदी. माझं अंतर १२ भरलं, म्हणजे सीट १४ची हवी. जेलची १३पेक्षाही कमी होती. घेताना एवढं बघा की कोपऱ्यांना जाड कापड किंवा रबर लावलेलं आहे, कारण सायकल पडली की आधी तिथेच फाटतं. खालच्या दांड्या क्रोमोलीच्या असाव्यात, स्वस्त लोखंडाच्या खड्ड्यात वाकतात. आणि बसवताना सीट सपाट ठेवा. नाक वर असेल तर वरचा सगळा इतिहास वाया.

बधिरपण रविवारी संध्याकाळपर्यंत गेलं. तरी सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. सगळं ठीक आहे म्हणाले. आणि मग शेवटी बायकोला सांगितलं. ती आधी पाच मिनिटं हसली, मग तिने स्वतःच्या जिमच्या सायकलबद्दल जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा तिच्यासाठी कापलाय.