रसायन, गोळी आणि पुराव्याचे ओझे

वार्धक्य दूर ठेवण्याची मनुष्याची इच्छा पुरातन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनप्रकरणाने होतो, आणि वृद्ध च्यवन ऋषींस पुन्हा तारुण्य देणारा अवलेह तेथेच सांगितला आहे. तथापि आमच्या पूर्वाचार्यांनी या इच्छेस लगाम घातला होता. रसायन पूर्ववयात वा मध्यवयात, देहशुद्धी करून, जितेंद्रिय पुरुषासच द्यावे, असे वाग्भट सांगतो. सत्यभाषण, अक्रोध, दया, निद्रा व जागरण यांतील समतोल यांचीही गणना चरकाने रसायनातच केली आहे. घेणारा कोण व कोणत्या अवस्थेत, हा विचार तेथे आधी होता.

१९१२ साली कॅसिमिर फुंक याने 'व्हिटॅमिन' या नावाचा पाया घातला. स्कर्व्ही, बेरीबेरी, मुडदूस हे रोग आहारातील उणीव भरून काढताच हटतात, हे सिद्ध झाले. मात्र यातूनच एक निसरडा तर्क निघाला: उणीव भरल्याने रोगी बरा होतो, तर उणीव नसलेल्याने अधिक घेतल्यास तो अधिकच निरोगी होईल. पन्नाशी उलटलेल्यांस हा तर्क विशेष गोड वाटला.

त्याची परीक्षा फिनलंडात झाली. गाजरास रंग देणारे बीटा-कॅरोटीन कर्करोग रोखील, या आशेने ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर तेथे प्रयोग झाला. काहींस ते रोज २० मिलिग्रॅम दिले, काहींस नाही. एप्रिल १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला होता! अमेरिकेतील अशाच प्रयोगात हानी दिसू लागल्याने तो जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

योगायोग असा की, त्याच १९९४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पूरक आहाराचा कायदा झाला. त्याने या गोळ्या अन्नाच्या वर्गात घातल्या. औषध विक्रीस येण्यापूर्वी त्याचा गुण सिद्ध करावा लागतो. येथे ती अट नाही, आणि माल अपायकारक असल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर पडला. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २२ नेही हे पदार्थ अन्नातच गणले असून, विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा त्यांना सामान्यतः वर्ज्य केला आहे.

आम्ही कायद्याचे अभ्यासक. पुराव्याचा भार कोणावर, हे आम्ही प्रथम पाहतो. सरकार पुरावा गोळा करीपर्यंत गोळी गिळणारा मात्र आपल्याच देहावर प्रयोग करीत असतो. सर्वच गोळ्या त्याज्य आहेत, असे आम्ही म्हणत नाही. शाकाहारी वृद्धांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव खरोखरच आढळते. रक्त तपासून ती भरणे योग्यच होय. परंतु शेजाऱ्याने सांगितली वा जाहिरातीत पाहिली म्हणून बाटली घरात आणू नये, आणि आणलीच असेल तर ती वैद्यांपासून लपवू नये. घेणारा कोण व कशासाठी, हा वाग्भटाच्या काळचा प्रश्न गोळी घेण्यापूर्वी आजही विचारलाच पाहिजे.