कऱ्हेकाठची पांढरी राख

बारामती आणि इंदापूर या मुलखाचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक सामान्यतः शहाजीराजांच्या जहागिरीपासून आरंभ करतो. मग 1656 साली शिवाजीमहाराजांनी संभाजी मोहित्यांकडून सुपे परगणा काढून घेतल्याची हकीकत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांची काव्यसाधना, पेशवाईचा अस्त आणि कंपनी सरकारचा अंमल अशा पायऱ्या ओलांडीत तो आजच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत येऊन पोचतो. दफ्तर जेथून लागते तेथूनच इतिहास धरावा ही समजूत स्वाभाविक असली, तरी या मुलखापुरती ती फार तोकडी आहे. कारण याच बारामती तालुक्यात, मोरगावापाशी, कऱ्हेच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा असा एक थर सापडलेला आहे की, ज्याचे वय किती, या एका प्रश्नावर गेल्या तीन-साडेतीन दशकांत जाणत्या भूशास्त्रज्ञांचे एकमत होऊ शकलेले नाही.

हा प्रदेश मूळचा अवर्षणाचा. सह्याद्रीने पाऊस अडविल्यावर जे थोडे उरते त्यावर जगणारे बरड माळ, बोरी-बाभळी, आणि पावसाळा सरताच पिवळे पडणारे गवत, हे त्याचे जुने रूप सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात, जेमतेम 5 चौरस किलोमीटरांच्या माळावर, चिंकाऱ्यांच्या सोबतीने अद्याप टिकून आहे. सासवड-जेजुरीकडून येणारी कऱ्हा मोरगावावरून बारामतीस येते आणि पुढे नीरेस मिळते. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला जिचे नाव दिले आणि जिच्या पाण्यात मोरया गोसावींना गणेशमूर्ती लाभल्याचे परंपरा सांगते, ती ही नदी वर्षातील कित्येक महिने कोरडी असते. परंतु पुराच्या दिवसांत तिने आपल्याच जुन्या गाळात कापलेल्या उभ्या दरडी अभ्यासकाला तिच्या पाण्याहूनही मोलाच्या ठरल्या आहेत. चुनखडीने घट्ट बांधले गेलेले गोटे, करडी-तांबूस माती, आणि त्या मातीत एक फिकट, पांढुरका पट्टा! चिमटीत घेतला तर तो पिठासारखा मऊ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याचे कण काचेचे दिसतात, वाकडे, धारदार, त्रिशूळाच्या फाट्यांसारखे. वितळलेल्या खडकात वायूचे बुडबुडे फुगून फुटले, त्या बुडबुड्यांच्या भिंतींचे हे तुकडे होत.

आपल्याकडचा काळा पाषाण हाही ज्वालामुखीचाच, मग या राखेचे एवढे नवल कशाला, असे कोणी विचारील. परंतु दख्खनचा तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आणि लोहयुक्त. त्याच्या निम्म्या वजनाइतकेच सिलिका त्यात असते. नदीच्या गाळातील ही राख त्या मानाने अगदी अलीकडची आणि तीन-चतुर्थांश सिलिकेची. अशी राख ओकू शकेल असा डोंगर साऱ्या महाराष्ट्रात नाही. तेव्हा ती दुरून, वाऱ्यावरून आली हे उघड झाले, आणि रासायनिक पृथक्करणाने बोट दाखविले ते थेट सुमात्रा बेटावरील टोबा सरोवराकडे, येथून 3,000 किलोमीटरांहून अधिक अंतरावर. सुमारे 100 किलोमीटर लांब आणि 30 किलोमीटर रुंद असे हे सरोवर म्हणजे ज्वालामुखीचे खचलेले मुख होय. सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या त्याच्या शेवटच्या महास्फोटात 2,800 घन किलोमीटरांच्या आसपास शिलारस बाहेर पडला असे मानतात. 1883 सालच्या ज्या क्राकाटोआच्या स्फोटाने सारे जग हादरले, त्याच्या शंभरपटीहूनही हा अधिक. अशा राखेचे थर मध्य प्रदेशातील शोण नदीच्या खोऱ्यात आणि आंध्रातील ज्वालापुरम येथेही मिळाले आहेत.

खरे कोडे येथून पुढे सुरू होते. टोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही. आठ लाख वर्षांच्या आसपास आणि पुन्हा पाच लाखांच्या सुमारासही तो पेटला होता, आणि या निरनिराळ्या उद्रेकांची काच इतकी सारखी असते की ती वेगळी ओळखणे दुष्कर व्हावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरीसेट्टर आदी संशोधकांनी जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठच्या बोरी येथील अशाच राखेचा अभ्यास केला. 1989 साली तिचे वय 14 लाख वर्षे प्रसिद्ध झाले, 1995 साली दुसऱ्या मापनाने ते 6 लाख 70 हजारांवर आले. 1998 साली जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी काचेच्या परीक्षणावरून निर्वाळा दिला की, भारतीय द्वीपकल्पातील सगळी टोबाराख 75,000 वर्षांपूर्वीच्या एकाच उद्रेकाची आहे. प्रकरण मिटले असे वाटत असतानाच 2007 साली गाळातील चुंबकत्वाची तपासणी प्रसिद्ध झाली. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी उलटले होते. मोरगावच्या थरांत त्याही पूर्वीच्या उलट दिशेच्या खुणा मिळाल्या.

ही वर्षांची ओढाताण केवळ पंडितांची नव्हे. बोरीस आणि मोरगावास या राखेच्या सान्निध्यात पुराश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या सापडलेल्या आहेत. राख 75,000 वर्षांची ठरली तर ती हत्यारे फार उशिरापर्यंत वापरात राहिली असे मानावे लागते, किंवा ती आणि राख यांच्या दरम्यान दीर्घ काळ गेला असे तरी धरावे लागते; आठ लाखांची ठरली तर कऱ्हाखोऱ्यातील मनुष्यवस्ती दख्खनच्या प्राचीनतम वस्त्यांत जाऊन बसते. तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे याच जातीची हत्यारे 15 लाख वर्षांपर्यंत मागे गेल्याचे 2011 साली सिद्ध झाल्यापासून दुसरा पक्ष मला अधिक संभवनीय वाटतो. परंतु पहिल्या पक्षाचा मुद्दाही हलका नाही. आकाशातून पडलेली राख पावसाने माळावरून धुऊन नदीत आणली, तेव्हा तिच्यात जुन्या खडकांचे स्फटिकही मिसळले असणार. आणि असा एखादा परका कण मोजणीत शिरला की वय लाखो वर्षांनी फुगते.

हा तंटा सुटावयाचा तर राखेतील स्फटिक एकेक वेचून मोजले पाहिजेत, आणि त्यासाठी नमुना वाहून आलेला नव्हे, जागचा हवा. नदीकाठच्या अशा दरडी महसुली कागदांत बहुधा पोटखराब्यात मोडतात. शेत सपाट करताना, बांधकामाला माती आणि मुरूम उचलताना त्या प्रथम जातात. कऱ्हेकाठच्या राखेच्या थराची सरकारी मोजणी होऊन त्याचा एखादा तुकडा तरी राखीव म्हणून नोंदविला जावा, आणि तोही दरड पूर्ण ढासळण्यापूर्वी.