विडीचा करार आणि भंडाऱ्याची खासदारकी

आमच्या कैनाडमध्ये 'दोन पोती सिमेंट पाठवा, पैसे शनिवारी' एवढं फोनवर बोललं की व्यवहार ठरतो. १८७२चा करार कायदाही अशा तोंडी शब्दाला मान देतो. समोर सरकार असेल तर मात्र गोष्ट बदलते. राज्यघटनेच्या कलम २९९नुसार केंद्राचा करार राष्ट्रपतींच्या नावाने हवा आणि त्यावर सही अधिकार दिलेल्या व्यक्तीचीच हवी.

या दोन रिवाजांच्या टकरीत एक खासदारकी गेली. पहिल्या लोकसभा निवडणुकीत भंडाऱ्यातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते मुळजी सिक्का या विडी कंपनीचे भागीदार होते आणि कंपनी सैनिकांच्या कँटीनसाठी विड्या पुरवत होती. सरकारशी पुरवठ्याचा करार असणारा तेव्हा अपात्र ठरे. जसानींच्या बाजूने मुद्दा आला: सगळं पत्रांवर ठरलंय, राष्ट्रपतींचं नाव कुठेच नाही; मग करार झालाच कुठे?

आम्हा प्रोग्रामर लोकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल: फॉरमॅट चुकला, म्हणजे डेटाच नाही. १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस म्हणाले त्याचा सार असा: किरकोळ खरेदीलाही औपचारिक दस्तऐवज मागितला तर कारभार ठप्प होईल. असा करार सरकारवर लादता येत नाही, पण सरकार तो मागाहून मान्य करू शकतं. म्हणजे जसानींचे हितसंबंध खरेच होते. याच खटल्यात राखीव जागेच्या एका उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळल्याचंही ठरलं आणि अख्खी निवडणूक रद्द झाली. पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले.

पण मान्य करायचं की नाही, हे सरकारच्याच हातात राहिलं. भिकराज जयपुरिया यांना रेल्वे अधिकाऱ्याने धान्याच्या ऑर्डरी दिल्या, पुढे रेल्वेने माल घेणं थांबवलं. १९६१मध्ये न्यायालयाने ठरवलं, करार रीतसर नाही, भरपाई नाही. त्याच वर्षी बी. के. मंडल खटल्यात दुसरी बाजूही स्पष्ट झाली: सरकारने काम स्वीकारून वापरलं असेल, तर करार कायद्याच्या कलम ७०खाली मोबदला द्यावाच लागतो.

आज सॉफ्टवेअर कंपन्या वर्षाचे पैसे आगाऊ मागतात. केंद्राचे २०१७चे वित्तीय नियम साधारणतः आधी माल, मग पैसे म्हणतात. मोठ्या कंपनीकडे यासाठी वकील असतो. छोट्या पुरवठादाराने निदान एवढं पाहावं: ऑर्डरवर सही कोणाची आहे, आणि कोणाच्या वतीने.