जीव वाचला, तरी शोक उरतो

'सर सलामत तर पगडी पचास. कॅन्सरमधून उठलीस, हे काय थोडं झालं? मूल नाही तर नाही.' उपचार संपवून घरी आलेल्या तरुण बाईला सगेसोयरे हेच ऐकवतात. जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी भागाचा विषय निघाला की जाणती माणसंही सांगतात, तिथला प्रश्न जास्त मुलांचा आणि कुपोषणाचा; वंध्यत्व हे शहरातल्या पैसेवाल्यांचं दुखणं. शिवाय सल्ला तयारच असतो: दत्तक घ्या, प्रश्न मिटला. ही तिन्ही मतं बहुधा चांगल्या हेतूनेच मांडली जातात, पण ती टिकत नाहीत.

आधी दुसरं मत घेऊ, कारण सरकारी योजनांची दिशा त्यावर ठरते. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि महाराष्ट्र हादरला. त्यावर उपाय म्हणून 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली. ती दखल घेणं भागच होतं, आणि कुपोषण अजूनही संपलेलं नाही. पण तेव्हापासून या भागाकडे पाहणाऱ्यांना एकच बाई दिसते: कोवळ्या वयात आई झालेली, एक मूल कडेवर आणि एक पोटात. अंगणवाडीच्या वहीत प्रामुख्याने गरोदर बाया, स्तनदा माता आणि सहा वर्षांखालची मुलं येतात. उपचारांनी जिची कूस मिटली, तिला त्या वहीत रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्व वाट्याला येण्याचं प्रमाण श्रीमंत देशांत 17.8 टक्के, तर मध्यम आणि गरीब देशांत 16.5 टक्के आहे. म्हणजे वंध्यत्व खिसा पाहून येत नाही. राहिली मुलाची ओढ. इथल्या वारली आदिवासींच्या घरात लग्न असलं की सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्याच्या मधोमध सुफलतेची देवी पालघट बसवतात. जिथे संसार या देवीच्या साक्षीने सुरू होतो, तिथे रिकाम्या ओटीचं दुःख हलकं कसं असेल?

आता 'जीव वाचला ना' या मताकडे येऊ. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटावर रेडिएशन देतात. रुग्ण त्याला 'लाइट' म्हणतात. त्याने बीजांडकोश निकामी होतात, गर्भाशयही गर्भ पेलण्याजोगं राहत नाही. पंचविशीतल्या बाईची पाळी कायमची थांबते, अंगातून गरम वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोची औषधं बीजांडांचा साठा घटवतात. किती घटेल, हे वय आणि मात्रेवर अवलंबून असतं. ही हानी खरी आहे, तेव्हा तिचा शोकही खराच. समाज ज्याला शोक म्हणून मानतच नाही, अशा शोकाची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये केली. माणूस गेला की दहावं-तेरावं होतं, लोक भेटायला येतात. जन्मालाच न आलेल्या मुलासाठी कोण येणार? 'वाचलीस ना' म्हणणारा तिला धीर देऊ पाहतो, पण त्याच शब्दांनी तिचं रडणं अपराध ठरतं. जगल्याचा आनंद आणि मूल हुकल्याचं दुःख एकाच मनात नांदू शकतं.

डॉक्टरांचा आक्षेप वजनदार आहे: मुलाचा विचार करत बसलं तर उपचार लांबतील. काही कॅन्सरमध्ये खरोखरच दिवस दवडता येत नाही. पण पुरुषाचं वीर्य एका दिवसातही साठवता येतं, स्त्रीबीजं साठवायला साधारण दोन आठवडे लागतात. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने 2006 पासूनच हा विषय उपचारांआधी रुग्णाशी बोलावा, असं सांगितलं आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संप्रेरक-संवेदी स्तनकर्करोगाच्या 516 स्त्रियांनी गर्भधारणेसाठी संप्रेरक-उपचार काही काळ थांबवले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आणि जिथे काहीच साठवता येत नाही, तिथेही आधी सांगितलेलं सत्य ऐकणं आणि लग्नानंतर चार वर्षांनी ते कळणं, यात फार अंतर आहे.

दत्तक हा सुंदर मार्ग आहे, पण तो औषध नाही. प्रतीक्षा वर्षानुवर्षांची असते. 2022 च्या दत्तक नियमांत पालकांना जिवावर बेतणारा आजार नसावा, अशी अट आहे. कॅन्सरमधून उठलेल्यांना तिथे अडखळावं लागू शकतं. शिवाय घरी येणाऱ्या लेकराचा जन्म आपलं दुःख भरून काढण्यासाठी झालेला नसतो. आधी शोक करू द्यावा, मग दत्तकाचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

म्हणून माझं म्हणणं असं: मूल होण्याविषयीचं बोलणं हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे. पहिल्या केमोआधी किंवा लाइटआधी ते नवरा-बायको दोघांशी, त्यांच्या बोलीत व्हावं आणि फाइलमध्ये नोंदवलं जावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार मिळतात. आयुष्मान भारतने मात्र प्रजननविषयक उपचार वगळले आहेत. कॅन्सरच्या रुग्णांपुरता तरी हा अपवाद काढून टाकावा. आशाताईंना इतकं शिकवावं की 'वाचलीस ना' ऐवजी त्या 'पाळी थांबल्यावर त्रास होतो का, मनात काय आहे?' असं विचारतील. यासाठी नवं रुग्णालय उभारावं लागत नाही. तिचं दुःख खरं आहे, हे आधी आपण मान्य करायला हवं. वावरच्या बाईला शोकाचा हक्क मुंबईच्या बाईइतकाच आहे.