पाण्याखालचा तोल : हवेची टाकी आणि शिशाचे वजन

बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही पाणबुड्याच्या वजनाचे गणित समजून घेण्यास हा जिल्हा सोयीचा आहे. खडकपूर्णेचा संत चोखासागर, नळगंगा, पेनटाकळी हे गोड्या पाण्याचे जलाशय येथे आहेत आणि लोणारचे खारे, क्षारयुक्त सरोवरही येथेच आहे. लोणार हे अभयारण्य असून २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. त्यामुळे हौशी बुडीला तेथे वाव नाही. जलाशयांत टाकी पाठीवर बांधून उतरणारा माणूसही बहुधा पर्यटक नसतो, तर बुडालेल्याचा शोध घेणारा असतो. गढूळ पाण्यात, हाताने चाचपडत काम करणाऱ्या अशा माणसाच्या कमरेला दोन किलो शिसे जास्त झाले, तर तो तळाच्या गाळात रुततो, गाळ उसळतो आणि उरलीसुरली दृष्टीही जाते.

मुळात या टाकीत ऑक्सिजन नसतो. वृत्तपत्रांतून सर्रास ‘ऑक्सिजनची टाकी’ असे छापले जाते, पण आत असते ती गाळून दाबाखाली भरलेली साधी हवा. सर्वांत प्रचलित अॅल्युमिनियमच्या टाकीची पाण्याची धारणक्षमता ११.१ लिटर असून तीत सुमारे २०० बार दाबाने २,२०० लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणाऱ्यास पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने ४० लिटर लागते. ५० बार हवा राखीव ठेवली, तर हाती उरतात जेमतेम ४० मिनिटे. धापा टाकणाऱ्याची हवा याच्या निम्म्या वेळात संपू शकते.

हवेलाही वजन असते, ही शाळेत शिकलेली गोष्ट येथे अंगावर येते. भरलेल्या टाकीतील हवा अडीच किलोहून अधिक भरते. म्हणूनच अॅल्युमिनियमची भरलेली टाकी पाण्यात किंचित बुडते आणि रिकामी झाली की तरंगू लागते; समुद्राच्या पाण्यात ती सुमारे दोन किलो वर ओढते. बुडीच्या अखेरीस, नेमके जेव्हा पाच मीटरवर स्थिर थांबायचे असते, तेव्हाच ही ओढ सुरू होते. पोलादी टाकीतील हवाही तितकीच घटते. परंतु बहुतेक पोलादी टाक्या रिकाम्या झाल्यावरही जडच राहतात, त्यामुळे कमरेचे शिसे कमी करता येते. मात्र पोलादास गंज चढतो. कोणतीही टाकी घेताना रंगापेक्षा तिच्या मानेवर ठोकलेली दाबचाचणीची तारीख पाहावी. भारतात अशा सिलिंडरांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू असून, त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

आता पाण्याची जात. गोड्या पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १.०२५ किलो. साहित्यासह १०० किलो वजनाचा पाणबुड्या गोड्या पाण्यात नेमका तोलून राहत असेल, तर तारकर्लीच्या समुद्रात त्याला तसेच राहण्यासाठी आणखी अडीच किलो शिसे लागेल. उलट तारकर्लीस शिकून आलेल्याने तेच वजन बांधून चोखासागरात उतरणे धोक्याचे. लोणारचे पाणी याहून लहरी. २०२० च्या उन्हाळ्यात त्याची पातळी घटली, खारटपणा वाढला आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले. रंगाची चर्चा देशभर झाली. ते पाणी त्या वेळी जडही झाले होते, याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

शिसे किती, याचे कोष्टक शरीराच्या वजनावरून काढतात, पण तो केवळ अंदाज. खरी परीक्षा पाण्यातच होते. पूर्ण साहित्यानिशी उभे तरंगावे, जाकिटातील हवा काढून टाकावी, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखावा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावे आणि श्वास सोडताच माणूस सावकाश बुडावा. ही चाचणी भरलेल्या टाकीने केली असेल, तर संपणाऱ्या हवेपोटी दोन-अडीच किलो वाढवावे. चाचणीपुरताच श्वास रोखायचा. बुडीत मात्र तो कधीही रोखू नये, कारण वर येताना फुफ्फुसांतील हवा प्रसरण पावते. पोशाख बदलला तर परीक्षा पुन्हा. निओप्रीनच्या पोशाखातील बुडबुडे वर तरंगवतात, पण खोल गेल्यावर दबतात आणि वर हलका वाटणारा माणूस खाली जड होतो.

बुलडाणा शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. ३०० मीटरहून उंच ठिकाणच्या बुडीसाठी वेळेचे तक्ते निराळे असतात, हे कोकणात शिकलेल्यास सहसा आठवत नाही.

शिशाचा पट्टा सर्वांत शेवटी, इतर सर्व बंदांच्या वरून बांधतात. त्याची कडी एका हाताने, एका झटक्यात सुटली पाहिजे. ती सुटते की नाही हे काठावरच पाहून घ्यावे.