सातबाऱ्याची वाटचाल : दप्तरापासून सर्व्हरपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या परतवाड्याचा व्यापार आसमंतातील शेतीवर पोसला गेला आणि शेतीचे स्वामित्व दप्तरातील नोंदीवर विसंबून राहिले. वऱ्हाड प्रांत 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी मोजणी झाली व प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, असा जोड उतारा सर्वत्र रूढ झाला. तोच सर्वपरिचित सातबारा होय.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना 1988-89 मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून विदर्भातीलच वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती, ही बाब अभिमानास्पद होय. कालांतराने राज्यभर तालुक्याची माहिती तहसील कचेरीतील संगणकावर साठविली जाऊ लागली. परंतु तलाठ्याचे हस्तलिखित दप्तरही चालूच होते. एक फेरफार दप्तरात नोंदला जाई, संगणकात राहून जाई. आणि एकाच शेताचे दोन उतारे दोन गोष्टी सांगू लागत.

ही अडचण व्यापारी वर्गास सहज उमगेल. पेढीवर एकच रोजकीर्द असेल आणि एकच मुनीम लिहिणारा असेल, तोवर हिशेब चोख राहतो. चार मुनीम त्याच वहीवर एकाच वेळी लिहू लागले की गोंधळ उडतो. प्रत्येकाने वेगळी प्रत ठेवली तर खरी कोणती, हा वाद उभा राहतो. फॉक्सप्रो वा ॲक्सेस यांसारख्या टेबलावरील संगणकाच्या प्रणालींची मर्यादा हीच असे. त्यांची एक फाईल दोन गिगाबाइटच्या पलीकडे वाढू शकत नसे. सर्व्हरवरील प्रणालीत मात्र वही एकाच ठिकाणी राहते. अनेकजण दुरून मागणी करतात, सर्व्हर प्रत्येक नोंद क्रमाने घेतो आणि अर्धवट राहिलेला व्यवहार पूर्णपणे रद्द करतो.

महाराष्ट्राने 'ई-फेरफार' प्रकल्पाद्वारे हाच मार्ग स्वीकारला. दुय्यम निबंधकाकडील दस्तनोंदणी फेरफाराशी जोडली गेली. तथापि यंत्र बदलल्याने जुनी चूक आपोआप सुधारत नाही. ती अधिक वेगाने सर्वत्र पोहोचते, एवढेच. म्हणून हस्तलिखित व संगणकीय उतारे ताडून पाहण्यात आले. 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन होऊन खातेदारांचे आक्षेप ऐकण्यात आले. नावातील एक अक्षर वा क्षेत्रातील एक आकडा चुकला, तरी वारसाहक्क आणि पीककर्ज दोन्ही अडतात, याचे भान त्यामागे होते. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी संहितेत कलम 155 ची तरतूद आहेच.

1 मे 2018 रोजी, महाराष्ट्रदिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेस उपलब्ध झाला. उताऱ्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याचे दिवस त्यामुळे बरेचसे सरले.

दप्तर बदलले, लेखणी बदलली. पण नोंद खरी असावी ही जुनी अपेक्षा बदललेली नाही. वही कितीही मोठ्या यंत्रात ठेवली, तरी ती वाचून, ताडून पाहण्याचे कर्तव्य खातेदाराचेच राहते. ज्या कुटुंबांनी आपले उतारे वेळीच तपासले, त्यांच्या पुढील पिढीचा मार्ग निष्कंटक झाला, हाच या इतिहासाचा बोध होय.