जुन्या मालमोटारीचा नवा संसार

जुनी वस्तु जतन करण्याच्या दोन रीति आहेत. एक, तिला कांचेच्या कपाटांत ठेवण्याची. दुसरी, तिचें नेमलेलें काम तिच्याकडून पुन्हां करवून घेण्याची. पहिल्या रीतीनें वस्तूचें रूप टिकतें, दुसऱ्या रीतीनें तिचा स्वभाव टिकतो. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत तयार झालेल्या लहान मालमोटारी विकत घेऊन, दुरुस्त करून, त्या रोजच्या वापरांत आणणारे बरेच लोक त्या देशांत आहेत. ह्या गाडीस तेथें 'पिकअप' म्हणतात. हा केवळ हौशी माणसांचा छंद आहे असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु अशी गाडी आज रोज चालूं शकते कां, आणि चालवावयाची तर तिच्यांत काय बदलावें लागतें, ह्याचा विचार करूं लागल्यास तिचा सारा इतिहास पुढें येऊन उभा राहतो.

पिकअपचा जन्म गरजेंतून झाला. मोटार घेतल्यावर तिच्या मागच्या भागावर लांकडी खोकें बसवावें आणि दाणापाणी, दुधाचे हंडे, अवजारें त्यांत घालून बाजार गांठावा, असा क्रम अमेरिकन शेतकऱ्यांनीं प्रथम आपल्या हातानें सुरू केला. पुढें १९२५ सालच्या एप्रिलमध्यें फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल टी' गाडीवर पोलादी पेटी कारखान्यांतच बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. पेटीची लांबी ५६ इंच. जें खोकें सुतारानें ठोकावयाचें, तें आतां गाडीबरोबरच मिळूं लागलें.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, नागरिकांसाठीं मोटारी तयार करण्याचें काम थांबलें. शेतांवरील गाड्या जोड देत, ठिगळें लावीत चालवाव्या लागल्या. युद्ध संपल्यावर नव्या गाड्यांची मागणी उसळली. १९४७ सालच्या जूनमध्यें शेव्हरोलेट कंपनीनें नव्या बांध्याची मालमोटार बाजारांत आणली; १९४८ च्या जानेवारींत फोर्डची 'एफ-१' आली. शेव्हरोलेटच्या गाडीचा अर्ध्या टनाचा प्रकार '३१००' ह्या क्रमांकानें ओळखला जाई. सहा सिलिंडरांचें, ९० अश्वशक्तीचें इंजिन, तीन माणसें बसतील अशी खोली, आणि मागें लांकडी फळ्यांवर पोलादी पट्ट्या बसविलेली पेटी, असें तिचें स्वरूप होतें. १९५५ च्या आरंभापर्यंत ती तयार होत राहिली. ह्या कंपनीचें नांव मुंबईकरांस परकें नव्हतें. तिच्या गाड्यांची जोडणी शिवडीच्या कारखान्यांत १९२८ पासून १९५४ पर्यंत होत असे.

ही गाडी टिकली, कारण ती दुरुस्त होण्यासाठींच घडविलेली होती. तिचा धनी शहरापासून दूर राहणार, त्याच्याजवळ चार पाने आणि एक हातोडी असणार, हें कारखानदारानें गृहीत धरलें होतें. झांकण उघडलें कीं इंजिनाच्या दोन्ही बाजूंस हात घालण्यास जागा सांपडते. कार्ब्युरेटर खोलतां येतो, ठिणगीच्या टोंकांतील अंतर हातानें मोजून बसवितां येतें. कित्येक वर्षें मुख्य भाग फारसे न बदलल्यामुळें एका सालच्या गाडीचे भाग दुसऱ्या सालच्या गाडीस बहुधा चालतात. अनेक भाग आजहि नव्यानें तयार होऊन मिळतात.

परंतु गाडी तीच राहिली आणि रस्ता बदलला. अमेरिकेंतील महामार्गांचा प्रचंड कायदा १९५६ सालचा; ही गाडी त्याच्या आधींची. तिच्या जुन्या इंजिनांतील दांड्यांच्या बेअरिंगांत मऊ धातु ओतलेला असे, आणि त्यांस तेल मिळे तें फवाऱ्यानें व शिंतोड्यांनीं. मागील आंसाची दांत्यांची योजना ओझें ओढण्याची; चाकाचा एक फेरा होण्यास दांडा चारांहून अधिक वेळां फिरतो. म्हणून ताशीं ४५-५० मैलांपर्यंत ती सुखानें जाते. त्याहून अधिक वेगानें तासन्‌तास पळविल्यास इंजिनाचें आयुष्य झिजतें. १९५४ पासून मालमोटारींत आलेल्या मोठ्या इंजिनांत तेल दाबानें पोंचविण्याची सोय झाली. पुष्कळ मालक तेंच इंजिन जुन्या गाडींत बसवितात.

विकत घेणाराची खरी परीक्षा येथें होते. त्याचें लक्ष प्रथम रंगाकडे जातें. वास्तविक तें पायाकडे जावयास पाहिजे. गंज लागतो तो दारांच्या तळाशीं, पायरीशीं आणि खोलीच्या मागील कोपऱ्यांत, आणि रंग त्यावर सहज पांघरूण घालतो. ब्रेकांत तेलाची एकच वाट असते. एखादी नळी फुटली तर चारहि चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७ च्या सुमारास अमेरिकन मोटारींत दुहेरी वाटेची योजना सर्वत्र आली. ती ह्या गाडींत बसविणें हें पहिलें कर्तव्य होय. बसणारासाठीं सुरक्षेचे पट्टे मुळांत नाहींत. तेहि लावले पाहिजेत. १९४९ पासून पेट्रोलची टाकी चालकाच्या पाठीशीं, खोलीच्या आंतच असे. तिचीं नळ्यांचीं जोडकामें नीट तपासल्यावांचून गाडी रस्त्यावर आणूं नये. वीज ६ व्होल्टची. तेवढ्याच कामास १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून बारीक तारा घातल्यास दिवे मंदावतात आणि इंजिन आळसानें फिरतें. कांच पुसणारे वायपर इंजिनाच्या शोषणावर चालतात. चढणीवर जोर देतांच तें शोषण घटतें आणि ऐन पावसांत वायपर रेंगाळूं लागतात.

ह्या दुरुस्तीसंबंधानें मालकांत दोन पक्ष आहेत. एकास मूळचा एक खिळाहि बदललेला खपत नाहीं. दुसरा जुन्या खोलीखालीं अगदीं नवी चौकट आणि नवें इंजिन घालून मोकळा होतो. पहिल्याची गाडी शोभा वाढविते, पण गर्दीच्या रस्त्यावर धन्याचा आणि इतरांचा जीव धोक्यांत घालते. दुसऱ्याची गाडी सुखाची होते, पण जुन्या पोशाखांतील ती एक नवीच गाडी असते. शहाणा मालक मधली वाट धरतो. जें जीव राखतें, म्हणजे ब्रेक, पट्टे, दिवे आणि टायर, तें तो आजच्या काळाचें करतो. जें गाडीचें शील आहे, म्हणजे तिची चाल, तिची साधी यंत्ररचना आणि ओझें वाहण्याची तयारी, तें तो जसेंच्या तसें ठेवतो. मग ती गाडी महामार्ग सोडून जवळच्या रस्त्यांनीं जाते, बाजारांतून लांकूड किंवा खताचीं पोतीं आणते, आणि बिघडली तर अंगणांतच दुरुस्त होते. पाऊणशें वर्षांपूर्वीं शेतकऱ्यानें तिच्याकडून याहून वेगळी अपेक्षा केली नव्हती.